मंगळवारची तालीम

तिच्या काळ्या फाइलमधल्या कागदावर, स्वरलिपीच्या तिसऱ्या ओळीच्या डोक्यावर, पेन्सिलनं एक छोटासा चष्मा काढलेला होता. पुढे दोन ठिकाणी स्वल्पविरामासारखी खूण होती आणि एका शब्दाखाली जाड रेघ. मी विचारलं, हा चष्मा कशाचा? ती म्हणाली, "इथे मी दर वेळी कागदात बघत राहते आणि चुकते. इथे वर बघायचं, हाताकडे." स्वल्पविराम म्हणजे श्वास. जाड रेघ म्हणजे शेजारणीचा आवाज ऐकून आपला कमी करायचा.

ती माझी एस्टोनियाच्या राजधानीतली, तालिनमधली यजमानीण. दिवसभर एका कंपनीत हिशेब बघते आणि दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला घराजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये गाते. त्या मंगळवारी मला ती सोबत घेऊन गेली. हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. त्यात एक नर्स होती, एक बसचालक होता, भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी होते, विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुली होत्या. शिकवणारी बाई पस्तिशीची असेल. तिनं पेटी काढली नाही, तंबोरा लावला नाही. खिशातून एक स्वरकाटा काढला, गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि चार गटांना चार वेगवेगळे स्वर गुणगुणून दिले. पुढची चाळीस मिनिटं त्या सगळ्यांनी एकच पान घोकलं. आधी फक्त बायकांच्या खालच्या पट्टीतला गट, मग फक्त पुरुषांचा वरचा, मग दोन्ही मिळून, मग पुन्हा एकेक. कुणी वैतागलं नाही. साडेसात वाजता चारही गट पहिल्यांदा एकत्र गायले तेव्हा मी ज्या खुर्चीवर बसले होते तिची पाठ माझ्या पाठीला जाणवेल इतकी थरथरली.

असे गट जिथे एकत्र येऊन गातात तो एस्टोनियाचा गाण्याचा उत्सव, 'लाउलुपिदु', जगभर ओळखला जातो तो तिथल्या गर्दीमुळे. 2019 मध्ये, दीडशेव्या वर्षी, जवळपास पस्तीस हजार गायक-वादक तालिनमध्ये जमले होते आणि रविवारच्या मुख्य कार्यक्रमाची तिकिटं संपून गेली होती. या देशाची एकूण लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या एकट्या रत्नागिरी जिल्ह्याहून कमी. त्यातली पस्तीस हजार माणसं एका जागी उभी राहून चार-चार, सहा-सहा आवाजांत गातात. त्यात रोज गाऊनच पोट भरणारे आहेत, हिशेबनीस आणि बसचालक आहेत, आणि अजून दात पडायचेत अशी सहा-सात वर्षांची पोरंही आहेत. फोटो पाहिले की डोळे दिपतात. पण मला विचाराल तर त्या उत्सवाचं खरं रूप मी त्या शाळेच्या हॉलमध्ये पाहिलं, चष्म्याची खूण असलेल्या त्या कागदावर.

हे सांगताना माझी स्वतःची एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे. पाचवीत असताना आमच्या शाळेचा संघ आंतरशालेय समूहगान स्पर्धेत उतरणार होता. निवड झाली, निळ्या रिबिनी आणल्या गेल्या, महिनाभर तालीम झाली. माझा आवाज तेव्हाही खालचा होता. बाई पेटीवर काळी पाच धरायच्या आणि माझा वरचा सा लागता लागत नसे. स्पर्धेच्या दोन दिवस आधी बाईंनी मला बाजूला घेतलं आणि अगदी प्रेमानं सांगितलं, "तू उभी राहा, रांग नीट दिसते. पण गाऊ नकोस. फक्त ओठ हलव." मी तसं केलं. आमचा दुसरा नंबर आला. प्रमाणपत्रावर माझंही नाव आहे. त्यानंतर चारचौघांत मी गायले नाही, आजीच्या भजनी मंडळात टाळ तेवढा वाजवला.

तालिनच्या त्या हॉलमध्ये खालच्या आवाजाच्या बायका बारा होत्या. संगीतात त्यांना आल्टो म्हणतात. त्यांना त्यांची स्वतःची ओळ होती, वरच्या गटाइतकीच अवघड, आणि ती काढून टाकली की सगळं गाणं पोकळ वाजत होतं, हे शिकवणाऱ्या बाईंनी एकदा मुद्दाम करूनही दाखवलं. बसल्या जागी मला आमच्या बाई आठवल्या. त्यांचा राग आला नाही. त्यांच्या हाती एकच पट्टी होती, एकच चाल होती आणि ज्याचा गळा तिथे पोचत नाही त्याला द्यायला दुसरं काही नव्हतं.

समूहगानाच्या दोन रीती आहेत. सगळ्यांनी एकच चाल एकाच स्वरात गायची ही आपली रीत, आणि ती थोर आहे. दिंडीत हजारो माणसं तशी गातात. दुसरी रीत म्हणजे एका चालीभोवती तीन-चार वेगळ्या चाली विणायच्या, प्रत्येक गळ्याला त्याच्या आवाक्यातली. या दुसऱ्या रीतीत नुसतं कानानं उचलून भागत नाही. शेजारचा वेगळं गात असताना आपलं न सोडता गायचं तर आपली ओळ वाचता यावी लागते. एस्टोनियातल्या हिशेबनीस बाईला ती वाचता येते. का येते, याच प्रश्नाच्या मागे मी पुढचे काही दिवस होते.

उत्तर सापडतं ते एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यांतल्या शाळामास्तरांपाशी. एस्टोनियाचा प्रदेश तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली, आणि जमिनी बहुतेक जर्मन सरदारांच्या. एस्टोनियन बोलणारा माणूस म्हणजे कूळ. दक्षिण भागात भूदासपद्धत रद्द झाली 1819 मध्ये. त्याच वर्षी जन्मलेला योहान व्होल्देमार यानसेन पुढे शिक्षक झाला, मग संपादक झाला, आणि तार्तू शहरातल्या 'वानेमुइने' या मंडळातर्फे त्यानं भूदासमुक्तीच्या पन्नासाव्या वर्षाचं निमित्त करून 1869 च्या जूनमध्ये पहिला उत्सव भरवला. गायक-वादक साडेआठशेच्या आसपास. आपल्याकडे पुण्यात सार्वजनिक सभा निघाली ती याच्या पुढच्या वर्षी. दोन्हीकडे काळ सारखाच होता, परक्या सत्तेखालच्या माणसांनी प्रथमच एकत्र बसायला शिकण्याचा. पुण्याला अर्ज-विनंत्यांनी सुरुवात झाली, तार्तूला गाण्यानं.

पण साडेआठशे माणसं आली कुठून? व्हाल्गा या सीमेवरच्या गावी यानिस त्सिमझे नावाच्या एका लाटव्हियन गृहस्थानं शिक्षकांसाठी अध्यापनशाळा चालवली होती. तिथे मास्तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला स्वरलिपी आणि समूहगान चालवणं शिकावं लागे. हे मास्तर एस्टोनियात आणि लाटव्हियात खेडोपाडी गेले, आणि जिथे गेले तिथे गाण्याचा गट उभा राहिला. पहिल्या उत्सवात एस्टोनियन संगीतकाराच्या म्हणून ज्या दोन रचना गायल्या गेल्या त्या अलेक्सांदर कुनिलेइदच्या, आणि तो याच शाळेत शिकून तिथेच शिकवत होता. त्या दोन्ही रचनांचे शब्द यानसेनच्या मुलीचे, लिदिया कोइदुलाचे. वडिलांच्या वर्तमानपत्राचं बरंचसं काम ती करत असे. मात्र त्या मंचावर गायला फक्त पुरुष उभे होते. स्त्री-पुरुषांचे मिश्र गट उत्सवात आले ते 1891 मध्ये. कोइदुला त्याच्या पाच वर्षं आधी गेली होती. हा तपशील उत्सवाच्या गौरवग्रंथांत एका ओळीत येऊन जातो, माझ्या मनातून मात्र तो जात नाही.

त्यानंतरचा इतिहास सगळाच सांगत बसत नाही. उत्सव तार्तूहून तालिनला आला, 1918 ला देश स्वतंत्र झाला, दर पाच वर्षांनी गाणी होत राहिली. मग 1940 मध्ये सोव्हिएत सैन्य आलं, नंतर जर्मन आलं, 1944 मध्ये पुन्हा सोव्हिएत. 1949 च्या मार्चमध्ये काही दिवसांत सुमारे वीस हजार माणसं, त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी, मालगाड्यांत भरून सायबेरियाला धाडली गेली. नव्या सत्तेनं उत्सव बंद केला नाही, आपल्या कामाला जुंपला. लेनिन-स्तालिनच्या स्तुतीची गाणी आली. 1950 च्या उत्सवाआधी तीन नामवंत समूहगान-संचालकांना अटक झाली: तूदुर वेत्तिक, रिहो पेत्स आणि आल्फ्रेद कारिंदी. तिघंही सोव्हिएत छावण्यांत गेले.

यातल्या रिहो पेत्स यांच्याविषयी थोडं थांबून लिहायला हवं, कारण माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. पाचेक वर्षांनी ते सुटून परतले. त्यांनी पुढे जे काम हाती घेतलं ते शाळेतल्या संगीताच्या तासाचं. हंगेरीत झोल्तान कोदाय यांनी स्वरवाचन शिकवण्याची जी रीत रुजवली होती तिच्या धर्तीवर पेत्स यांनी हैनो कल्युस्ते यांच्या साथीनं एस्टोनियन मुलांसाठी पद्धत बसवली: जो, ले, मी, ना, सो, रा, दी. यात 'जो' कुठल्याही उंचीवर धरता येतो आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्यानं बसतात. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपला षड्ज हेच तर करतो. गाणारा आपला सा आपल्या गळ्याप्रमाणे धरतो आणि मग रे-ग-म त्या साच्या हिशेबानं येतात. युरोपात मुलांना हे मुद्दाम पद्धत आखून शिकवावं लागलं. आपल्याकडे ते परंपरेनंच हाताशी होतं. त्यांनी मात्र ते पाठ्यपुस्तकात घातलं, शिक्षक तयार केले आणि देशातल्या शाळाशाळांतून नेलं. छावणीतून परतलेल्या माणसानं पहिलीतल्या मुलांना हाताच्या खुणांनी स्वर ओळखायला शिकवावं, यापेक्षा मोठं उत्तर त्या छावणीला काय असू शकतं, मला सुचत नाही.

हैनो कल्युस्ते यांनी 1951 मध्ये 'एल्लेरहैन' हा मुलांचा गायनगट काढला होता. त्याच नावाच्या मुलींच्या गटानं राष्ट्रीय पुरुष गायकवृंद आणि राष्ट्रीय सिम्फनी वाद्यवृंद यांच्याबरोबर, पावो यार्वी यांच्या संचालनाखाली सिबेलियसच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. 2004 मध्ये त्या ध्वनिमुद्रणाला समूहगानाचं ग्रॅमी मिळालं. शाळकरी मुली आणि पगारी गायक एकाच तबकडीवर. हैनो यांचे चिरंजीव तेनू कल्युस्ते यांनी 1981 मध्ये एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर क्वायर उभा केला. आर्वो पेर्त यांच्या रचना गाऊन त्यानंही ग्रॅमी मिळवलं. 2025 च्या जुलैत झालेल्या अठ्ठाविसाव्या उत्सवाच्या कलादिग्दर्शक हेली युर्गेनसन या याच चेंबर क्वायरला तालीम देणाऱ्या. जगातल्या उत्तम व्यावसायिक गायकांना घडवणारा हात पाच वर्षांतून एकदा बसचालकांना आणि नर्सेसना, पोराटोरांना ताल देतो. आणि त्या हाताला त्यात आपण खाली उतरलो असं वाटत नाही, कारण तोही लहानपणी अशाच एखाद्या मंगळवारच्या हॉलमध्ये तयार झालेला असतो.

तालमीच्या दुसऱ्या दिवशी मी ते मैदान पाहिलं. एस्टोनियन भाषेत त्याचं नावच गाण्याचं मैदान. बुधवारची दुपार होती, समुद्रावरून थंडगार वारा येत होता आणि गवतावर माझ्याशिवाय कुत्र्याला फिरवणारं एक जोडपं तेवढं होतं. मैदानाला मोठा उतार आहे. उताराच्या तळाशी शिंपल्यासारखी वळलेली प्रचंड कमान, 1960 साली आलार कोत्ली या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून उभी राहिलेली. तिची रुंदी सत्तर मीटरहून जास्त आणि तिच्याखालच्या पायऱ्यांवर सुमारे पंधरा हजार माणसं उभी राहतात. सगळे गट एकत्र होतात तेव्हा ती जागा पुरत नाही, मग गाणारे समोरच्या गवतावर उतरतात.

एवढ्या रुंदीत गाण्याचा एक साधा, पण जीवघेणा अडथळा आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. सत्तर मीटर जायला त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत जवळजवळ अर्धी मात्रा निघून जाते. शेजारच्याचं ऐकून गायलात तर तुम्ही मागे पडणार, तुमचं ऐकून पुढचा आणखी मागे पडणार, आणि गाणं फाटणार. म्हणून समोर उंच मनोऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचा हात बघायचा आणि कानावर काहीही येवो, त्या हाताबरोबर सोडायचं. माझ्या यजमानीणबाईंनी कागदावर काढलेल्या चष्म्याचा अर्थ हा असा आहे.

मला वारी आठवली. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर दिवसभर टाळ-मृदंग आणि अभंग चालू असतात. मुक्कामी समाज आरतीसाठी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात आणि चोपदार हातातला चोप वर उचलतो. त्या क्षणी हजारोंचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच तेवढी टाळ वाजवत राहते, तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, मग आरती होते. एका वर उचललेल्या काठीला हजारो माणसांनी मान द्यावी ही शिस्त आपल्याला परकी नाही, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. आपल्याकडे नाही ती त्या काठीच्या आधीची गोष्ट: आपली ओळ आपण वाचणं.

त्याच उतारावर गवतात ब्राँझचे गुस्ताव एर्नेसाक्स बसलेले आहेत, कमानीकडे तोंड करून. यांनी 1944 मध्ये राष्ट्रीय पुरुष गायकवृंद उभा केला. सोव्हिएत एस्टोनियाच्या अधिकृत राष्ट्रगीताची चालही त्यांचीच. आणि याच माणसानं युद्धकाळात कोइदुलाच्या 'माझा देश माझं प्रेम' या अर्थाच्या कवितेला नवी चाल दिली, जी 1947 च्या उत्सवात गायली गेली आणि नंतर कार्यक्रमातून वगळली गेली. 1960 चा उत्सव, नवी कोरी कमान. छापील कार्यक्रम संपला तरी गायक पायऱ्यांवरून हलेनात. कुठूनतरी ते वगळलेलं गाणं सुरू झालं आणि सगळीकडे पसरलं. एर्नेसाक्स मनोऱ्यावर चढले आणि त्यांनी हात उचलला. तेव्हापासून आजपर्यंत हे गाणं झाल्याशिवाय उत्सवाची सांगता होत नाही. सत्तेसाठी लिहिलेलं आणि लोकांसाठी लिहिलेलं, दोन्ही एकाच माणसाच्या हातून आलेलं. परकीय सत्तेखाली पन्नास वर्षं जगलेल्या माणसांचा न्याय करताना आपण फार घाई करू नये असं मला तिथे बसून वाटलं.

1988 च्या जूनमध्ये लोक रात्ररात्र याच मैदानावर गायला जमू लागले. चित्रकार हाइन्झ वाल्क यांनी त्यावर लेख लिहिला आणि 'गाणारी क्रांती' हा शब्द जगाला मिळाला. त्याच वर्षी 11 सप्टेंबरला इथे तीन लाखांच्या आसपास लोक जमले असं सांगितलं जातं. तेव्हा देशाची लोकसंख्या सुमारे साडेपंधरा लाख होती. 1989 च्या 23 ऑगस्टला तालिनपासून व्हिल्नियसपर्यंत, सहाशे किलोमीटरहून लांब, माणसांनी हातात हात धरून साखळी केली. 20 ऑगस्ट 1991 ला स्वातंत्र्य परत आलं. हे सगळं पुस्तकांत आणि चित्रपटांत आहे. त्यात गाण्याचा महिमा भरपूर असतो, तालमीचा फार कमी. ज्या रात्री लाखभर लोक न ठरवता एकत्र गायले त्या रात्री त्यांना शब्द येत होते, चाल येत होती, खालचा आवाज कुठून निघतो ते माहीत होतं, कारण शाळेत आठवड्याला गाण्याचा तास झाला होता. आपण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्या आवाजाची ताकद पाहिलेली आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी गावोगाव गाणी नेली. तिथेही मागे तालीम होती. पुढे पुतळे आणि पुरस्कार उरले, तालीम विरळ झाली.

आता एक अडचणीची गोष्ट. हा उत्सव येईल त्याला मंचावर घेत नाही. कार्यक्रमातली गाणी बरीच आधी ठरतात, गटांना स्वरलिपी मिळते, आणि मग प्रत्येक गटाला परीक्षकांपुढे गाऊन दाखवावं लागतं. जे गट तयार नाहीत ते नापास होतात. माझ्या यजमानीणबाईंचा गटही एकदा पहिल्या फेरीत कमी पडला होता. ती म्हणाली, "घरी येऊन रडले. पण बाईंनी आम्हांला पानपान दाखवलं, कुठे चुकलो ते. पुन्हा गेलो, तेव्हा घेतलं." मला हे ऐकून आधी आमच्या शाळेचीच आठवण झाली. मग फरक लक्षात आला. इथे तपासला जातो तो गट, आणि त्याला त्याची चूक सांगितली जाते. गटात उभ्या असलेल्या एखाद्या पोरीला गप्प बसवून चूक लपवली जात नाही. दर्जाही राखायचा आणि दारही उघडं ठेवायचं तर हाच मार्ग दिसतो, आणि तो शिकवणाऱ्याच्या कष्टाचा आहे. त्या शिकवणाऱ्यांच्या तुटपुंज्या मानधनाचा प्रश्न तिथेही जुना आहे. शिवाय देशातली सुमारे चौथाई माणसं रशियन बोलतात, आणि जवळजवळ सगळी गाणी एस्टोनियन असलेल्या या उत्सवात त्यांना किती आपलं वाटतं, हा प्रश्नही तिथले लोक स्वतःला विचारतात. रशियन भाषेत शिकणाऱ्या मुलांचे गट आता मैदानावर दिसतात, एवढं मी यजमानीणबाईंकडून ऐकलं.

तिची मुलगी आठ वर्षांची असताना पहिल्यांदा लहान मुलांच्या गटातून उत्सवाला गेली. त्या दिवसांत बाहेरगावच्या गायकांची सोय तालिनच्या शाळांमध्ये करतात, वर्गातली बाकं सरकवून गाद्या टाकतात. जेवायला मैदानावर गरम सूप. शहरातून मैदानापर्यंत पाच किलोमीटरची मिरवणूक, प्रत्येक गट आपल्या गावाच्या पाटीमागे, आपल्या भागाच्या पोशाखात. लहान मुलांचे गट आपली गाणी वेगळी गातात. पण ती गाऊन झाल्यावर त्यांना मोठ्यांच्या मधोमध बसून शेवटचं गाणं ऐकता येतं, आणि दहा-बारा वर्षांनी तेच गाणं आपल्याला कुठल्या आवाजात गायचं आहे हे त्यांना तिथेच कळतं. मुलगी आता विद्यापीठात आहे. आईच्या शेजारी उभी राहते, मात्र वरच्या आवाजात.

आपल्याकडे हे होणार नाही असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही, कारण आपल्या शेजारीच ते झालेलं आहे. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या पॅरिश शाळांमधून पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. हेतू चर्चमधल्या प्रार्थनेपुरता. पण खेड्यातल्या त्या एका संगीत-मास्तरामुळे पिढ्याच्या पिढ्या वाचत्या झाल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा आणि असे कितीतरी गोवेकर वादक-संयोजक मुंबईत आले आणि हिंदी चित्रपटसंगीताचा बराचसा वाद्यमेळ त्यांनी कागदावर उतरवला. मुंबईतच व्हिक्टर परांज्योती यांनी 1956 मध्ये स्थापन केलेला गायकवृंद पुढे कूमी वाडिया यांनी दशकानुदशकं चालवला, हौशी गायकांच्या बळावर. सलील चौधरींनी 1958 मध्ये बॉम्बे यूथ क्वायर काढला तेव्हा आपल्या लोकगीतांना चार आवाज देता येतात हे त्यांनी दाखवून दिलं. गळे आहेत, चाली आहेत, ओव्यांपासून पोवाड्यांपर्यंत भरून वाहणारं भांडार आहे. सा कुठेही धरण्याची सवय आहे. एस्टोनियाकडे एका गोष्टीचं आधिक्य आहे, ते म्हणजे शाळेत नियमानं येणारा आणि मुलांना वाचायला शिकवणारा संगीताचा शिक्षक.

त्या मंगळवारी तालीम संपताना शिकवणाऱ्या बाईंनी मला विचारलं, तू कुठला आवाज? मी म्हणाले, मी गात नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, फक्त स्वरकाटा आपटून एक स्वर गुणगुणून दाखवला आणि थांबल्या. बराच खालचा होता तो. माझ्या गळ्यातून तो सहज निघाला. "आल्टो," त्या म्हणाल्या, आणि यजमानीणबाईंच्या शेजारची खुर्ची दाखवली. शेवटची दहा मिनिटं मी तिथे बसून, शब्द न कळता, नुसत्या स्वरांवर गायले. पाचवीनंतर पहिल्यांदा.

हा लेख वाचणाऱ्या आईवडिलांना आणि आजी-आजोबांना माझी एक विनंती आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की पालकसभेत गणिताच्या आणि इंग्रजीच्या गुणांबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: संगीताचा तास आठवड्यातून किती वेळा होतो, आणि तो कोण घेतं? तास होत नसेल तर तो व्हावा म्हणून मागणी करा, चार पालक मिळून लेखी करा. आणि आपलं मूल घरी येऊन सांगत असेल की मला फक्त ओठ हलवायला सांगितलंय, तर दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन त्या शिक्षकांना भेटा.